चाळिशीनंतरचा व्यायाम: आधी नेम, मग प्रमाण

व्यायाम सुरू करणे फारसे अवघड नसते. बहुतेकांनी तो आयुष्यात चार-पाच वेळा तरी सुरू केलेला असतो. खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात येते. कामाचा बोजा अंगावर येतो, घरात कोणीतरी आजारी पडते, रात्रीची झोप अपुरी राहते आणि ‘आजचा दिवस राहू दे’ असे म्हणून घेतलेली सुट्टी बघता बघता महिनाभर लांबते. चाळिशी-पन्नाशीत नोकरी, मुले आणि वृद्ध आईवडील अशा तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तसाच तो साठी-सत्तरी ओलांडल्यावर ‘आता या वयात काय होणार’ असे वाटून थांबलेल्यांसाठीही आहे.

मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी रोज पहाटे एक तास व्यायाम करण्याचा निश्चय केला होता. तो एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला, आठवडाभर विश्रांती घ्यावी लागली आणि त्यानंतर पहाटे उठणेच बंद झाले. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोनदा हेच घडले. तिन्ही वेळा माझी जिद्द कमी पडली असे मला वाटत राहिले. प्रत्यक्षात चूक आखणीत होती. रात्रभर शांत झोप झाली आहे, सकाळ मोकळी आहे आणि मन प्रसन्न आहे, असे दिवस डोळ्यांसमोर ठेवून मी आराखडा बनवत होतो आणि असे दिवस माझ्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम दोन येत होते. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो आणि इतरांनाही तोच सांगतो: आठवड्यातल्या सर्वांत वाईट दिवशीही जमेल इतका लहान व्यायाम ठरवावा, त्याचा नेम बसवावा आणि नेम पक्का झाल्यावरच प्रमाण वाढवावे.

उशीर झाला आहे का?

पायऱ्यांकडे वळण्याआधी ही शंका दूर करणे आवश्यक आहे, कारण मनात ती असेल तर नेम टिकत नाही. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना, सगळे विशीतले, तीन आठवडे पूर्णपणे अंथरुणावर ठेवण्यात आले आणि त्यांच्या हृदयाची व फुप्फुसांची क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी, हेच पाच जण पन्नाशीत असताना, त्यांची पुन्हा तपासणी झाली. त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने त्यांची क्षमता जितकी घटली होती, तितकी ती तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही घटलेली नव्हती. त्यानंतर या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला, दमसास वाढवणारा व्यायाम केला आणि वयामुळे गेलेली ती क्षमता त्यांना परत मिळवता आली. माणसे मोजकी पाचच होती, हे खरे. तरीही ज्याला आपण ‘वय झाले’ म्हणतो त्यात बसून राहण्याचा वाटा किती मोठा असतो, हे या अभ्यासाइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते.

स्नायूंच्या बाबतीतही असेच आहे. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. या अवस्थेला १९८९ पासून ‘सार्कोपेनिया’ हे नाव आहे. मात्र १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ ते ९६ वर्षांच्या, वृद्धनिवासात राहणाऱ्या अशक्त व्यक्तींनी आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायू जर आठ आठवड्यांत असा प्रतिसाद देत असेल, तर पंचावन्नाव्या किंवा अडुसष्टाव्या वर्षी निराश होण्याचे काहीच कारण नाही.

पहिली पायरी: डॉक्टरांशी बोलणे

सावकाश चालणे सुरू करण्यासाठी बहुतेक निरोगी माणसांना तपासण्यांची गरज नसते. परंतु हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काही असेल, गेल्या वर्षभरात पडणे-झडणे झाले असेल, किंवा चालताना छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप अथवा चक्कर जाणवत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे आणि प्रश्न नेमका विचारावा: ‘मी काय करू नये आणि कोणत्या लक्षणावर थांबावे?’ ‘व्यायाम करू का?’ एवढेच विचारल्यास ‘करा’ एवढेच उत्तर मिळते आणि त्याचा उपयोग होत नाही.

औषधांविषयीही विचारावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाच्या वेळी किंवा त्यानंतर काही तासांनीही खूप खाली जाऊ शकते; व्यायामाची वेळ, जेवण आणि औषध यांचा मेळ डॉक्टरांकडूनच घालून घ्यावा. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांच्या नाडीचा वेग औषधामुळेच कमी राहतो, त्यामुळे मनगटी घड्याळावरच्या आकड्यांवर त्यांनी विसंबू नये. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी कमरेतून झटक्याने पुढे वाकणे आणि वजन घेऊन पाठ पिळणे टाळावे.

व्यायाम करताना छातीत कळ किंवा दडपण आले, ते हातात, खांद्यात किंवा जबड्यात जाऊ लागले, घेरी आली किंवा छातीत धडधड होऊन अस्वस्थ वाटले तर तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. ‘थोडे बसून बघतो’ असे म्हणून वेळ घालवू नये.

दुसरी पायरी: मुक्काम माहीत असणे, पण तिथून सुरुवात न करणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जास्त जोराचा व्यायाम करावा, किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांनी त्याशिवाय तोल व ताकद यांचा एकत्रित व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावा. याच शिफारशींत एक बदल आहे आणि कामात गुंतलेल्या माणसासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी सलग दहा मिनिटे झालेली हालचालच हिशेबात धरली जात असे. ती अट आता काढून टाकली आहे. म्हणजे चार मिनिटे जिना चढणे किंवा सहा मिनिटे भरभर चालणे हेही मोजले जाते. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे चांगले, हे त्या शिफारशींमध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले आहे.

मध्यम जोर ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, तो जास्त जोर. चालण्यापुरते आणखी एक माप वापरता येते: मिनिटाला साधारण १०० पावले म्हणजे बहुतेक प्रौढांसाठी मध्यम जोर. एक मिनिट पावले मोजून पाहावीत. आपण ज्याला भरभर चालणे समजत होतो ते बरेच रमतगमत चालणे होते, हे अनेकांच्या तेव्हा लक्षात येते.

रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा मात्र मनावर घेऊ नये. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. त्यामागे त्या वेळी वैद्यकीय संशोधन नव्हते. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. पाय दुखत असताना रात्री अकरा वाजता उरलेली दोन हजार पावले घरातल्या घरात पुरी करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच सांगावेसे वाटते की त्या वेळी झोपणे अधिक हिताचे.

तिसरी पायरी: आपला ‘किमान’ ठरवणे

कागद घ्या आणि गेल्या दोन आठवड्यांतला सर्वांत वाईट दिवस आठवा. त्या दिवशी किती वाजता उठलात, घराबाहेर कधी पडलात, परत कधी आलात आणि अंथरुणावर पडलात तेव्हा अंगात किती त्राण उरले होते, हे लिहून काढा. आता त्याच दिवसात, कुरकुर न करता, किती मिनिटांचा व्यायाम बसला असता? कोणाचे उत्तर पाच मिनिटे येईल, कोणाचे बारा. जे येईल ते प्रामाणिकपणे मान्य करा, कारण तोच तुमचा ‘किमान’ आहे. पुढचे दोन महिने तुमचे कर्तव्य या किमानापुरतेच. चांगल्या दिवशी त्याहून जास्त झाले तर आनंदच आहे, पण त्या जास्तीचे उद्यावर ओझे टाकायचे नाही.

इथे बहुतेकांचे मन बंड करते. सात मिनिटांनी काय होणार, असा प्रश्न येतो. शरीरात लगेच फार काही होणार नाही, हे कबूल. पण या दोन महिन्यांत आपण शरीराइतकेच दिवसाच्या घडीवर काम करत असतो. व्यायामाला दिवसात एक जागा मिळवून देत असतो. जागा एकदा पक्की झाली की सातांची वीस मिनिटे करणे अवघड जात नाही. जागाच नसेल, तर एक तासाचा उत्तम आराखडाही कागदावरच राहतो.

चौथी पायरी: व्यायाम कशाला तरी बांधणे

‘रोज वेळ मिळेल तेव्हा करीन’ हे वाक्य म्हणजे व्यायाम न करण्याचा निश्चित मार्ग. वेळ मिळत नसते, ती नेमून द्यावी लागते. आणि घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला व्यायाम बांधणे अधिक भरवशाचे असते, कारण घड्याळातले साडेसहा अनेकदा आपल्या नकळत निघून जातात, पण दात घासायचे राहत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा नेमक्या स्वरूपात ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा प्रत्यक्षात उतरते. म्हणून आपले वाक्य लिहून काढावे: ‘सकाळी दात घासून झाले की मी खुर्चीवरच्या उठाबशा काढीन’, किंवा ‘कामावरून आल्यावर बूट काढण्याआधी मी दहा मिनिटे चालून येईन’. दुसऱ्या वाक्यातली बुटांची अट मी मुद्दाम घातली आहे. बूट एकदा निघाले आणि पाठ टेकली, की पुन्हा उठणे किती जड जाते हे दिवसभर राबणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

जी कृती निवडाल ती आठवड्याचे सातही दिवस घडणारी असावी. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी वेळेऐवजी ‘उठल्यावर’ किंवा ‘कामावर निघण्याआधी’ असे टप्पे धरावेत. घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनी त्या माणसाच्या औषधाच्या किंवा विश्रांतीच्या वेळेला आपला व्यायाम जोडावा. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी आपल्या सासऱ्यांच्या दुपारच्या झोपेला अशी गाठ बांधली आणि दोन वर्षे ती सुटू दिली नाही.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी एकवीस दिवसांचा समज फार पसरलेला आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात एखादी नवी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एकविसाव्या दिवशीही मनाला ओढून न्यावे लागत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असे मुळीच नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट त्याहून दिलासा देणारी आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

पाचवी पायरी: या मिनिटांत नेमके काय करायचे?

एकच व्यायाम निवडायचा झाला, तर मी खुर्चीवरून उठणे-बसणे निवडीन. हाताच्या टेकूशिवाय खुर्चीतून उठता येणे, यावर म्हातारपणातले स्वावलंबन मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. चाके नसलेली, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. बैठकीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा. पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्या. बहुतेकांची चूक इथेच होते, पावले पुढे राहतात आणि मग उठताना झोके घ्यावे लागतात. हात छातीवर दुमडा, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका आणि टाचा जमिनीत रोवून श्वास सोडत उठा. पूर्ण उभे राहिल्यावर क्षणभर थांबा. आता तीन अंक मोजत, खुर्चीत धपकन न पडता, सावकाश बसा. उतरतानाचे हे तीन अंकच मांड्यांना खरे काम देतात. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवण्याकडे लक्ष द्या. उठणे जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा हात मांडीवर टेकवा. गुडघ्यात टोचल्यासारखे दुखत असेल, तर फक्त वरचा अर्धा पल्ला करा. आठ वेळा, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा आठ वेळा: सुरुवातीला एवढे पुरते.

त्याच्या जोडीला भिंतीवरचे जोर घ्यावेत. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे, शरीर टाचांपासून डोक्यापर्यंत एका रेषेत ठेवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायची. भिंत सोपी वाटू लागली की स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा पक्का, कमरेएवढा आधार घ्यावा. त्यानंतर टाचा उचलून पंज्यांवर उभे राहणे, पोटऱ्यांसाठी. आणि रबरी पट्टा दाराच्या भक्कम कडीला अडकवून कोपर मागे ओढणे, दिवसभर वाकून बसणाऱ्या पाठीसाठी. ताकदीच्या कोणत्याही व्यायामात श्वास रोखू नये. जोर लावताना सोडावा, परतताना घ्यावा. श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम चढतो.

तोलाचा सराव वेगळा वेळ मागत नाही. ओट्याजवळ उभे राहून आधी दोन्ही पावले जुळवून दहा सेकंद, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, आणि शेवटी एका पायावर, असा क्रम ठेवावा. हात आधाराच्या वर तरंगता असावा, म्हणजे गरज पडताच धरता येईल. टाचेला अंगठा लावून दहा सेकंद उभे राहता येत नसेल, तर ज्येष्ठांच्या बाबतीत तो पडण्याचा धोका वाढल्याचा संकेत मानतात. अशांनी फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी. सावकाश, तोल सांभाळत केल्या जाणाऱ्या ताई-ची या व्यायामप्रकाराने ज्येष्ठांचे पडणे कमी होते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. तो शिकण्याची सोय असेल तर अवश्य शिकावा.

उरलेला वेळ चालण्याला द्यावा. ज्यांचे गुडघे चालण्याने दुखावतात त्यांनी पोहणे किंवा स्थिर सायकल निवडावी.

सहावी पायरी: वाढ कशी करायची?

हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात, स्नायूही बऱ्यापैकी लवकर बळकट होतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘आता दम लागत नाही, दुप्पट करू’ असे वाटते, आणि टाच, गुडघा किंवा खांदा नेमका त्याच सुमारास कुरकुरू लागतो. माझा गुडघा तर त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यात, असा गेला होता. म्हणून एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: एक तर मिनिटे, नाही तर वेग, नाही तर उठाबशांची संख्या, आणि वाढवल्यानंतर दोन आठवडे तिथेच थांबावे.

एक नमुना देतो. पहिले आठ आठवडे फक्त किमान, समजा रोज आठ मिनिटे: तीन दिवस ताकद आणि तोल, बाकीचे दिवस चालणे. नवव्या आठवड्यापासून चालण्याच्या दिवसांत तीन-चार मिनिटांची भर. अकराव्या आठवड्यात ताकदीच्या दिवशी तिसरे आवर्तन, म्हणजे आठ वेळांची आणखी एक फेरी. तेराव्यात चालण्याला पुन्हा तीन-चार मिनिटे. अशा गतीने साधारण आठ-नऊ महिन्यांत आठवड्याची १५० मिनिटे गाठता येतात. हा काळ लांब वाटेल. पण दर वर्षी तीन आठवडे जोरात करून उरलेले एकोणपन्नास आठवडे बसून राहण्यापेक्षा तो फार छोटा आहे. ज्यांचा किमान मोठा आहे ते अर्थातच लवकर पोहोचतील.

दुखण्याचे दोन प्रकार ओळखायला शिकावे. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी दोन्ही मांड्यांत सारखाच जाणवणारा ठणका हा स्नायूंचा असतो. तो हलकी हालचाल केल्यावर कमी होतो आणि तीन-चार दिवसांत जातो. सांध्यातली तीव्र, एकाच बाजूची, सूज आणणारी किंवा रात्री जागे करणारी वेदना वेगळी. ती सहन करत व्यायाम रेटू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर मागच्या टप्प्यावर यावे.

सातवी पायरी: खंड पडल्यावर परत येणे

खंड पडणारच आहे, हे सुरुवातीपासून गृहीत धरावे. ताप येईल, प्रवास होईल, घरात दुःखाचे प्रसंग येतील. अशा वेळी नियम एवढाच असावा की लागोपाठ दोन दिवस, शक्यतो, चुकू द्यायचे नाहीत. प्रवासात हॉटेलच्या खोलीतली खुर्चीही चालते. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असताना मात्र व्यायाम पूर्ण थांबवावा, आणि तो थांबवल्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये.

आठवडाभराच्या खंडानंतर नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करावी. महिना उलटला असेल तर सरळ किमानावर यावे, जणू पहिलाच दिवस आहे. अनेक दुखापती या परतीच्या काळात होतात, कारण मनाला जुनी पातळी आठवत असते आणि शरीर ती विसरलेले असते. मोठ्या आजारानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर परतीची आखणी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून करून घ्यावी.

नोंदीसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. किमान झाला की त्या तारखेवर खूण. मिनिटे, उष्मांक, वजन यांतले काही लिहू नये. वजन तर महिनोन्महिने हलत नाही आणि निष्कारण हिरमोड करते. घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी ती लावावी आणि आपली आठ मिनिटे कधी असतात हे त्यांना स्पष्ट सांगावे. विशेषतः घरातल्या बायकांच्या बाबतीत हे सांगणे फार गरजेचे आहे, कारण त्यांच्या मोकळ्या दिसणाऱ्या वेळेवर बाकीचे सगळे हक्क गाजवतात; ती आठ मिनिटे त्यांची आहेत, हे घराने एकदा मान्य केले की अर्धे काम झाले.

प्रगती पाहायची असेल तर दर दोन महिन्यांनी एकच मोजमाप करावे: तीस सेकंदांत हात न टेकवता खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते. साठ ते चौसष्ट वयोगटात पुरुषांसाठी १४ पेक्षा आणि स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी संख्या सरासरीखालची समजली जाते. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयोगटात हेच आकडे अनुक्रमे १२ आणि १० आहेत. आपला पहिला आकडा दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

ज्येष्ठांसाठी आणखी एक सराव

पडल्यानंतर आपल्या आपण उठता येणे हे कौशल्य आहे, आणि ते धडधाकट असताना शिकून ठेवावे लागते. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये. पहिल्या काही वेळा घरातले कोणीतरी जवळ असावे. जमिनीवर सतरंजी अंथरून, शेजारी भिंतीला टेकवलेली खुर्ची ठेवून उताणे पडा. आधी एका कुशीवर वळा आणि वरचा हात छातीसमोर जमिनीवर टेकवा. खालचे कोपर आणि वरचा तळवा यांच्यावर भार देऊन बसते व्हा, तिथून दोन्ही हात व गुडघे टेकवून रांगण्याच्या स्थितीत या आणि खुर्चीपर्यंत सरका. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, बळकट असलेल्या पायाचे पाऊल पुढे घेऊन जमिनीवर रोवा, हातांनी आणि त्या पायाने एकदम जोर लावून उठा आणि वळून खुर्चीवर बसा. लगेच उभे राहू नका. डोके हलके वाटत असेल तर ते स्थिर होईपर्यंत दोन मिनिटे बसून राहा. आठवड्यातून एकदा, ताकदीच्या दिवशी शेवटी, एवढे करावे, आणि पुढच्या आठवड्यात बळकट पायाऐवजी दुसरा पाय पुढे घेऊन पाहावे.